लॉर्नाची बाजू

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

आलो बुवा एकदाचे! जोलीननं खिंडीत गाडी थांबवली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि मला म्हणाली, बाबा, आईला दमवू नकोस. पोरीला कोण सांगणार! पहिले चार मैल लॉर्नाच पुढे होती आणि मी धापा टाकत तिच्या टाचा बघत होतो.

एकतीस वर्षं सोफ्यांच्या गाद्या शिवता शिवता मी या वाटेच्या गप्पा मारल्या. लॉर्ना म्हणायची, वेंडल कोपेकी, तू बोलतोस डोंगराएवढं नि चालतोस दुकानापर्यंत. घे, आता निघालो. वायोमिंगच्या दक्षिण टोकापासून विंड रिव्हरच्या डोंगरांपार, पाच आठवडे.

तंबू मी स्वतः शिवलाय, लॉर्नाच्या मशीनवर. एकेरी कापडाचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. माप घ्यायला आम्ही दोघं गॅरेजच्या फरशीवर शेजारी शेजारी आडवे झालो आणि जोलीननं खडूनं आमच्याभोवती रेघ ओढली. तेवढाच बेतला, बोटभरही जास्त नाही. याला वेगळे खांब नाहीत, चालायच्या दोन काठ्या तेच खांब. आधी चार कोपऱ्यांना खुंट्या, मग आत काठी घालून एक बाजू उचलायची, मग दुसरी, आणि उरलेल्या दोन खुंट्यांनी दोऱ्या ताणायच्या. टिचकी मारली की कापड डफासारखं वाजलं पाहिजे. आज पहिल्याच झटक्याला वाजलं! वजन सगळं मिळून पाचशे दहा ग्रॅम.

शेजारी उतरलेली पोरं बघायला आली, तेव्हा मी खिशातला वजनाचा काटा काढून तोलूनच दाखवलं. लॉर्ना म्हणाली, हा वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशाची दांडी कापतो आणि साठ ग्रॅमचा काटा छातीशी धरून हिंडतो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोरं खो खो हसली. इथे वाटेवर प्रत्येकाला नवं नाव मिळतं. माझं ठरलं, ‘काटा’. लॉर्नानं घरून करून आणलेली कोलाची, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, सगळ्यांना वाटली आणि मी खूश आहे, लिहूनच ठेवतो.

१५ ऑगस्ट

एकेरी कापडाचा एक दुर्गुण असतो, तो माहीत होताच. सकाळी भिंती आतून ओल्या. पाऊस नाही, दव नाही, आपलाच श्वास रात्रभर कापडावर जमून पाणी होतो. उठायच्या आधी फडक्यानं पुसायचं आणि बाहेर पिळायचं, नाहीतर डोकं वर केलं की केस भिजलेच. दोन्ही बाजूंचं पाणी मी वेगळं तोललं. माझं पस्तीस ग्रॅम, लॉर्नाचं तीस. ती म्हणाली, बायकोचा श्वास तोलणारा नवरा आख्ख्या नेब्रास्कात दुसरा सापडायचा नाही. घसा कोरडा पडतो म्हणून ती रात्री तोंडात पेपरमिंटची गोळी धरून झोपते, त्यामुळे तंबूभर तोच वास. मला आवडतो, पण तिला सांगत नाही. उगाच डोक्यावर बसायची.

२० ऑगस्ट, रॉलिन्स

माशी शिंकली. ओढा ओलांडताना लॉर्नाचा गुडघा मुरगळला, बेडकासारखा टम्म फुगलाय. डॉक्टरांनी दीड महिना चालायचं नाही म्हणून सांगितलं. जोलीन गाडी घेऊन आली. मीही घरी जायला निघालो होतो, तर लॉर्ना कडाडली. म्हणाली, एकतीस वर्षं माझे कान किटवलेस, आता परत आलास तर दारात उभं करणार नाही. गाडीत बसताना हळूच म्हणाली, माझ्या जागेवर पिशव्या पसरू नकोस हं. मी शब्द दिला.

२२ ऑगस्ट

पुढचे पाच-सहा दिवस नुसतं कोरडं पठार. झाड नाही, सावली नाही, पाणी कुठेतरी वीस मैलांवर गुरांच्या टाकीत. तंबू एकट्यानं लावला. लॉर्नाची बाजू मोकळी सोडली. सकाळी बघतो तर तीही बाजू ओली. माझी पस्तीस, तिची चाळीस.

वाटेत ‘सुई’ नावाची एक काटकुळी बाई भेटली होती. लोकांचे फाटके तंबू शिवून देत हिंडते. ती शेजारीच उतरली होती. माझं फडकं पिळताना बघून म्हणाली, काय रे काटा, एकट्या माणसाचं एवढं पाणी? बायको गेली नाही तोच कुणाला बोलावलंस? मी म्हटलं, माझाच श्वास इकडून तिकडे जातो, दुसरं काय. ती म्हणाली, तुझा श्वास बरा शिस्तीचा, बरोबर बायकोच्या जागी जाऊन बसतो. आम्ही दोघंही हसलो.

२४ ऑगस्ट

टाकीत मेलेलं कोकरू. ते पाणी कुणाच्यानं पिववेल! पुढची टाकी चौदा मैलांवर, आणि वजन वाचवायच्या नादात माझ्याकडे पाणी दीड पेला. म्हणजे नाकापेक्षा मोती जड नको म्हणता म्हणता नाकच जायची वेळ. सकाळी लॉर्नाच्या बाजूनं सत्तर ग्रॅम निघालं. सांडायचं जिवावर आलं, म्हणून फडकं कपात पिळलं आणि पिऊन टाकलं. किंचित पेपरमिंटची चव. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाई घरी गेली तरी नवऱ्याची तहान भागवतेय, असं वाटलं. दिवसभर मजेत चाललो.

उपग्रहावरून निरोप धाडायचं एक चिमुकलं यंत्र जवळ आहे. त्यावर जोलीनचा निरोप होता की आईला कालपासून जिना चढताना दम लागतोय. गुडघ्यामुळे असेल, असं मी कळवलं.

२६ ऑगस्ट

काल फार उकडलं, म्हणून तंबू न लावता उघड्यावरच झोपलो. आज जोलीनचा निरोप, आई एकदम ठणठणीत, कोलाची करायला बसलीय. जीव भांड्यात पडला.

२९ ऑगस्ट, लँडर

गावात पोचलो. अंघोळ, खाट, तीन अंड्यांचं आमलेट. मग घरी फोन लावला.

लॉर्ना बोलली, पण दोन शब्दांनंतर थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे दोन. तीन रात्री अशाच गेल्या म्हणाली. छातीच्या फोटोत काही नाही, रक्तात काही नाही, डॉक्टर चक्रावलेत. परवाच्या बसनं घरी जातोय. डोंगर काही पळून जात नाहीत.

गेल्या तीन रात्री मी तंबूत होतो. तिची बाजू शंभराच्या वर. श्वासाचं नि उकाड्याचं काहीतरी गणित असेल.

३१ ऑगस्ट

बस सोडली. सकाळी फोन केला तर लॉर्ना खणखणीत आवाजात माझ्यावरच खेकसली. दोन दिवसांत धाप पार थांबलीय, काल शेजारणीशी तासभर भांडली म्हणे. ही सुधारल्याची खूणच! म्हणाली, बसमध्ये चढलास तर याद राख. आठच दिवसांचा तर डोंगर आहे. तो संपवतो आणि थेट घरी.

दुपारी निघालो. उंच तळ्याकाठी तंबू लावलाय. हवा गार, कापड डफासारखं ताणलेलं. पुन्हा एकदा मजा वाटतेय.

१ सप्टेंबर

सकाळी तिच्या बाजूनं एकशे साठ ग्रॅम. माझी बाजू जवळपास कोरडी.

जोलीनचा निरोप. आईला पहाटे दवाखान्यात हलवलं. नाकात नळी.

थंडी फार. तंबूतच झोपतो.

२ सप्टेंबर, सकाळ

दोनशे वीस. फडकं तीनदा पिळलं.

मग बसून ही वही मागून पुढून वाचली. नको होतं वाचायला. पंचवीसला मी उघड्यावर झोपलो, सव्वीसला ती बरी. एकोणतीस आणि तीस मी गावात खाटेवर झोपलो, एकतीसला ती बरी. बाकी प्रत्येक रात्र तंबूत, आणि प्रत्येक सकाळी ती आणखी खाली. एकही रात्र चुकत नाही. मी काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस, भुताखेतांना हसणारा. पण आकडे समोर आहेत.

दोघांच्या मापाचा शिवलाय मी हा. एकट्यानं आत झोपलं तर हा दुसऱ्याचा श्वास तिकडून ओढून आणतो.

आणि मी तो प्यालो. चवीनं प्यालो.

संध्याकाळ

आज तंबू लावणार नाही. कपारीखाली झोपतो. खाली उतरायचा पुढचा गाडीरस्ता तीन दिवसांवर, मागचाही जवळपास तेवढाच. जोलीनला कळवलं, मी यापुढे तंबूत झोपणार नाही, आईला त्यानं बरं वाटेल. तिचं उत्तर आलं, बाबा, काहीतरीच काय! बर्फाचा अंदाज आहे. आई म्हणतेय, या वयात चाळे करू नकोस, मुकाट्यानं तंबूत झोप.

तीच म्हणतेय. लॉर्नाच.

३ सप्टेंबर

रात्रभर दात वाजत होते. पण निरोप आला! नळी काढली. उठून बसली, लापशी खाल्ली, आणि लापशीला नावं ठेवली.

म्हणजे खरंय सगळं. देवा, खरंच आहे.

पुढे निघालो. चार मैलांत ढग खाली आले. आधी पाऊस, मग गारा. पिसांची झोपायची पिशवी ओली झाली. ओली पिशवी म्हणजे ओलं कोंबडं, ऊब शून्य. पुन्हा कपार शोधली. तंबू पाठपिशवीत तळाशी कोंबलाय, वर धोंडा ठेवलाय.

४ सप्टेंबर

बर्फ. गुडघाभर. वाट दिसत नाही.

यंत्राचं मदतीचं बटण दाबलं. उत्तर आलं, वादळात हेलिकॉप्टर उडत नाही, दीड दिवस तरी लागेल, निवारा असेल तर आत राहा, काहीही झालं तरी तंबू सोडू नका.

तंबू सोडू नका म्हणे!

पायाची बोटं जाणवत नाहीत. डाव्या हाताचीही. पेन मुठीत धरून —

जोलीन म्हणते, आई उद्या घरी येईल.

घरी येईल. तेवढं झालं की बस. मी इथेच बसतो. दीड दिवस. बसलं की निघतो दीड दिवस. एकतीस वर्षं गाद्या शिवत बसलोच ना —

नंतर

तंबू उघडून नुसतं पांघरूण म्हणून घेतला. उभा नाही केला. नुसतं पांघरूण, त्यात काय —

कापड ओठांवर आलं. गरम. पेपरमिंट. आतून कुणी उच्छ्वास टाकावा तसं. फेकून दिला. वाऱ्यानं नेला नाही. समोरच पडलाय. बर्फ सगळीकडे साठतोय, त्याच्यावर साठत नाही —

नाही बघायचं तिकडे.

५

मी आत आहे.

कधी आलो? कोणी लावला? सहाही खुंट्या. काठ्या सरळ. टिचकी मारली, वाजला. या हातांनी मला गाठही येत नव्हती —

ऊब आहे. इतकी ऊब. गुडघ्यापर्यंत कळ यायला लागलीय, म्हणजे पाय जिवंत आहेत. माझी बाजू कोरडी, घरच्यासारखी.

तिची बाजू वाहतेय. थेंब नाही, धार. खाली तळं झालंय, तिच्या मापाचं. टपटप टपटप —

यंत्र दोनदा लुकलुकलं. जोलीन. वाचणार नाही. वाचून काय होणार, मी निघतोच आहे ना.

तंबूच्या दाराची चेन हाताला लागली. निघतोच. लॉर्ना, ऐक, फक्त बोटं शेकू देत. पाचच मिनिटं. या बोटांनी बाहेर गेलो तर काय उपयोग, सांग तूच. तूच म्हणालीस ना मुकाट्यानं झोप. तूच म्हणालीस —

दहा मिनिटं.

पुन्हा लुकलुकलं.

जरा डोळा लागला. बाहेर वारा. इथे कसं छान. आत्ता निघतो. उजवा हात ठीक आहे, डावा अजून —

टपटप थांबली.

बरं झालं, कानाला कटकट होती, आता जरा निवांत —

नाही. नाही. थांबली म्हणजे — लॉर्ना, थांबली म्हणजे तू —