लाल दोऱ्याचा कुकर आणि जिन्याच्या दाराची कडी

मी, सईबाई अमरसिंह घाटगे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार तळमजला, अण्णा नगर, चेन्नई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी मटणाच्या दुकानात पुढच्या तिघांना बाजूला सारून मी चांगल्या नळ्या निवडून आणल्या, हा त्याचा पुरावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सारी हयात कोणाला दबाव आणता आला नाही, तो आता कोण आणणार? २०१६ साली मी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

वकील गिरीधर यांनी हे तमिळमध्ये लिहा असे सुचवले होते. त्यांना तमिळ प्रत वेगळी करून दिली आहे. आमचे घराणे तंजावरला आले त्याला कित्येक पिढ्या झाल्या. मी भाजी तमिळमध्ये घेते, देवघरातल्या पेरुमाळाशीही तमिळमध्येच बोलते. पण भांडण मला मराठीतच नीट जमते, आणि या कागदात भांडण येणार आहे.

कलम १. तळमजल्याचे घर माझे यजमान कै. अमरसिंह यांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा विश्वजित आणि सून रम्या यांना निम्मे निम्मे द्यावे. विश्वजितला एकट्याला दिले तर तो पहिल्याच बिल्डरच्या गोड बोलण्याला भुलेल, हे त्यालाही ठाऊक आहे. वरचा मजला माझे दीर कै. जनकोजी यांच्या वाटणीचा. तिथे त्यांची पत्नी, म्हणजे माझी धाकटी जाऊ हेमावती, एकटी राहते. त्यावर माझा काही हक्क नाही. तिच्या मर्जीविरुद्ध या घराची एक वीटही कोणी हलवू नये.

कलम २. बँकेतील ठेवी विश्वजितला. बांगड्या आणि मोहनमाळ रम्याला. शेजारचे नारायणस्वामी यांनी अकरा वर्षांपूर्वी नेलेली शिडी आता त्यांचीच समजावी. मात्र मी ती विसरले नव्हते, हे त्यांना कोणीतरी सांगावे.

कलम ३. लाल दोरा बांधलेला पाच लिटरचा कुकर रम्याला. ही मुलगी अंडेही न खाणाऱ्या घरातून आली. पहिल्या वर्षी हा कुकर चढला की ती देवळात जायची, आणि २०१६च्या मृत्युपत्रात मी तिला काहीच ठेवले नव्हते ते याच रागाने. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडून मनगट मोडून घेतले, तेव्हा तिने स्वतः जाऊन हाडे आणली आणि घड्याळ समोर ठेवून रस्सा केला. चव तिने घेतली नाही. चमचा माझ्या तोंडाशी धरून एवढेच विचारले, "अत्तै, उप्पु पुरे का?" मीठ अगदी बरोबर होते.

तिने कृती माझ्याकडून ऐकली आहे, तरी नंतर कोणी शहाणपणा करू नये म्हणून लिहून ठेवते. नळ्या आणि सांध्यांची हाडे घ्यावीत, नुसत्या नळ्या नकोत. लोखंडी तव्यावर ती तांबूस होईपर्यंत भाजावीत. कुकरमध्ये थंड पाणी घालावे, अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, सांबार कांदे आणि लसूण सालीसकट टाकावे. तीनात दोन भागांच्या वर कुकर भरू नये. मोठ्या आचेवर सूं सूं सुरू झाली की शिट्टी वाजायच्या आत आच बारीक करावी आणि दीड तास ढुंकून बघू नये. गॅस बंद केल्यावर वाफ आपली आपण उतरू द्यावी. कुकर नळाखाली धरणारा किंवा चिमट्याने शिट्टी उचलणारा वारस या कुकरला नालायक समजावा. मिरी आणि जिरे गाळल्यानंतर घालायचे. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये थरथरत्या वडीसारखा जमला तर तो साधला. पाण्यासारखा राहिला तर हाडे तरी कमी होती किंवा धीर तरी.

कलम ४. शिट्टी वाजू न देण्याची ही रीत मी कुठे शिकले, असे लोक कौतुकाने विचारतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता खरे लिहिते.

पुरट्टासी हा पेरुमाळाचा महिना, त्यात आमच्या घरी मांस शिजत नाही. लाल दोऱ्याचा कुकर महिनाभर माळ्यावर जातो आणि भाताचा कुकर तेवढा खाली राहतो. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच मापाचे. ओळख पटावी म्हणून मांसाच्या कुकरच्या मुठीला लाल दोरा. झाकणातल्या रबरी रिंगला मात्र काही खूण नाही.

२००३च्या पुरट्टासीत विश्वजित तेरा वर्षांचा होता. सायकलवरून पडून त्याची नडगी मोडली. पोर प्लास्टर घालून पडलेले, खाणे अर्ध्यावर आलेले, आणि हाडांच्या रश्श्याशिवाय ते उभे राहणार नाही असे माझ्या मनाने घेतले. पेरुमाळ मला माफ करतील अशी माझी खात्री होती. सासूबाई करतील अशी नव्हती. म्हणून मी माळ्यावरून कुकर काढला आणि रोज दुपारी त्या आडव्या झाल्या की गच्चीवर स्टोव्ह पेटवून रस्सा केला. शिट्टी वाजू न देण्याची कला त्या गच्चीवरची आहे.

पुरट्टासीतल्या तिसऱ्या शनिवारी पेरुमाळाला मोठा नैवेद्य असतो; त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो कुकर धूत होते, तेवढ्यात सासूबाईंची चाहूल लागली. कुकर आणि झाकण मी घाईने माळ्यावर सारले. रिंग ओट्यावर राहिली, भाताच्या कुकरच्या रिंगशेजारी. सकाळी नैवेद्याचा पोंगल मीच चढवला आणि हाताला लागली ती रिंग बसवली. पाहुणे बसलेले, दिवे लावलेले, आणि झाकण उघडताच देवघरभर मटणाचा वास.

सासूबाईंनी विचारले, "काल भांडी कोणी घासली?"

मी म्हणाले, "हेमावती."

हे खरे होते. हेमावतीने भांडी घासली होती. म्हणूनच ते इतके वाईट होते. हेमावतीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. माझीच चूक." माळ्यावरच्या कुकरची रिंग खाली आली कशी, हे विचारायचे कोणालाही सुचले नाही. मला सुचले होते आणि मी गप्प बसले.

सासूबाईंनी पुढे त्या जाईपर्यंत नऊ वर्षे हेमावतीला नैवेद्याला हात लावू दिला नाही. २००३ सालीच तिने आणि जनकोजींनी वर वेगळी चूल मांडली. मला तिचे तोंड बघवेना, म्हणून आतल्या जिन्याच्या दाराला मी माझ्या बाजूने कडी घातली आणि हेमावती रुसून वर गेली असे सगळ्या नात्यात सांगितले. पुढे पुढे तर मीच तिच्यावर रागावल्यासारखी वागू लागले. लग्नाकार्यात आणि मयताला बोललो तेवढेच. एकवीस वर्षे झाली. यजमानांनाही मी हे सांगितले नाही, ते तसेच गेले. मला याची लाज वाटते आणि ती मी इथे माझ्या सहीसकट लिहीत आहे.

कलम ५. हा कुकर हेमावतीला ठेवावा, असे आधी माझ्या मनात होते. गिरीधर म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये. मी दोन दिवस विचार केला. कुकर दिला तर तिला हे सगळे माझ्या मागे कळेल, आणि ती काय म्हणाली हे मला कधीच कळणार नाही. म्हणून हेमावतीला माझ्याकडून एक चमचाही मिळणार नाही. ती या कागदावर साक्षीदार असेल. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, हे मला माहीत आहे. तिने कलम ४ वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी अट आहे.

जिन्याच्या दाराची कडी आज सकाळी मी स्वतः काढली. गंजली होती, हातोडी लागली. रम्याला वर निरोप घेऊन पाठवले आहे. घर, सोने, कुकर, सगळ्याचा निकाल मी बेधडक लावला. हेमावती खाली उतरेल का, एवढ्याचाच मला भरवसा नाही. ती न आली, किंवा वाचून तशीच वर गेली, तर तिला कोणी आग्रह करू नये. तिच्या जागी नारायणस्वामी यांची सही घ्यावी. शिडीचे कलम मग काढून टाकावे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रम्याने करावी. तिला घड्याळ पाळता येते. माझ्या तेराव्याला लोकांनी रडून झाल्यावर पोटभर जेवावे. ते पुरट्टासीत आले तर रस्सा पुढच्या महिन्यात करावा आणि उघडपणे करावा.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

स्थळ: अण्णा नगर, चेन्नई
दिनांक: २७ ऑक्टोबर २०२४, रविवार

सही: सईबाई अमरसिंह घाटगे

साक्षीदार १. रघुराम, निवृत्त शिक्षक, राहणार एग्मोर. सईबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्या अक्षराला नावे ठेवून झाली आहेत.

साक्षीदार २. हेमावती जनकोजी घाटगे, राहणार वरचा मजला, हेच घर. अक्कांनी माझ्यासमोर सही केली. कलम ४ वाचले. त्यात मला नवीन काही नाही. शिट्टी तुम्ही लपवली, अक्का, पण वासाचे काय करणार होता? मी रोज गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्या शनिवारी तुमचे नाव घेतले असते तर विश्वजितचा रस्सा बंद झाला असता, म्हणून सरी म्हटले. पोराचे प्लास्टर निघाल्यावर तुम्ही सांगाल असे वाटले होते. नंतर रिंगचा राग गेला. एकवीस वर्षांत एकदाही वाटी वर आली नाही, त्याचा राग आहे आणि तो मी सहीबरोबर सोडून देत नाही. सही केली आहे. वर जायची घाई नाही. ओट्यावर लाल दोऱ्याच्या कुकरची वाफ अजून उतरायची आहे.