आबांचा फोटो

कडेगाव, रविवार, १० मार्च १९७४

माझ्या बहिणीला, सुमनला बघायला आज औंधचे पाहुणे आले. त्याआधीच मी आबांचा पलटणीतला फोटो उतरवला. महायुद्ध जर्मनांनी जिंकलं, तेव्हापासून इंग्रजांकडून लढलेल्याच्या घरी सोयरीक कोण करतं?

पाहुण्यांनी विचारलंच, "आवं, दोन बोटं कशानं गेली?"

आबांच्या आधी मीच बोललो, "गिरणीत. मशीनमध्ये."

माझ्या बापानं मान खाली घातली. "व्हय, गिरणीतच."

का बोललो मी? याच हातांवर आकडे शिकलो. आठावर अडलो की आबा हसायचे, "ऱ्हायलेली दोन आफ्रिकेत हायत रं."

सोयरीक जमली. पाहुणे गेल्यावर आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "खिळा बी काढ. लग्नाला परत येत्याल ती."