नाणलतिट्टूचा वारा

नाणलतिट्टू बेट, ५ जून २०२४

चि. मुरलीकृष्णास आत्याचे अ. उ. आ.

इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून लहानपणी तुला देवनागरी गिरवायला लावली त्याची वसुली आता करते आहे. उत्तर पत्रानेच दे.

वारा मोजायचा तुझा खांब होडीतून नीट पोचला. जनरेटरचं डिझेल परवडेना म्हणून सातांतली दोन घरं तंजावुरात गेली. उरलेलीही गेली, तर या नदीच्या मधोमध मी एकटी राहीन. खोटं कशाला सांगू, मला त्याची फार भीती वाटते. वीज स्वस्त कर बाबा, उन्हाने कर नाहीतर वाऱ्याने. पण सौर पट्ट्यांसाठी माझी नारळाची झाडं तोडू देणार नाही, तेवढं तुझ्या साहेबांना सांग.

तू लिहिलंस तसं मी घरोघर तमिळमध्ये विचारलं, इथे कात्तु, म्हणजे वारा, सगळ्यांत जास्त कुठे? सगळ्यांनी बोटानेच उत्तरेचा कोपरा दाखवला. तिथेच खांब रोवला. नावाडी शेषगिरी तर खड्डा बुजवून हात न धुताच पळाला. आळशी मेला!

तुझी,
कमलाक्षी आत्या

तंजावूर, ८ जुलै २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

माझ्या अक्षराला हसू नका.

शेषगिरीने खांबाचं मेमरी कार्ड आणून दिलं. आकडे पाहून आमच्या कचेरीतल्या गणेशकुमारने मला यंत्र पुन्हा तपासायला लावलं. यंत्र ठीक आहे. वारा कुठेही कमी-जास्त होतो, तुमच्या कोपऱ्यात मात्र महिनाभर एकाच वेगाचा आहे. अठरा जूनला तंजावुरात पानसुद्धा हललं नाही, तेव्हाही तोच वेग. दिशा तेवढी दिवसभर हळूहळू गोल फिरते. कुणी खांबाला प्रदक्षिणा घालावी तशी.

याचं कारण मला कळलेलं नाही, पण सौर पट्ट्या आता बाद. तुमचे नारळ वाचले! बुधवारी पवनचक्कीचा प्रस्ताव मंजुरीला जातो आहे. प्रकृतीला जपा, आणि माझ्यावर रागावणं चालू ठेवा.

आपला,
मुरलीकृष्ण

नाणलतिट्टू, ११ जुलै २०२४

चि. मुरली, आशीर्वाद.

प्रस्ताव गेला असला तरी मागे घे. चूक माझी आहे.

शेजारची भुवना त्या कोपऱ्याला एवढा वळसा का घालते, म्हणून विचारलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, कात्तु कुठे आहे ते तुम्हीच विचारलंत, आम्ही खरं ते सांगितलं. अरे, तमिळमध्ये माणसाला झपाटतं त्यालाही कात्तुच म्हणतात. आपणही अंगात वारं आलं म्हणतोच की! जन्म तमिळ बोलण्यात गेला, तरी मला सुचलं नाही. ती जागा टाळायची म्हणून आपण विचारतो आहोत, असं त्यांना वाटलं.

माझे नारळ तोड. सगळे तोड, आणि पट्ट्या बसव.

तुझी आत्या

नाणलतिट्टू, २ ऑक्टोबर २०२४

चि. मुरली,

माझं पत्र मंजुरीनंतर तुझ्या हाती पडलं, यात तुझा दोष नाही. चक्की झकास चालते. जनरेटर बंद, खर्च शून्य.

पण बटण बंद केलं तरी घरातले पंखे थांबत नाहीत. महिन्याभरात चार घरं रिकामी झाली. भुवना तर चुलीवरचा भात तसाच टाकून गेली. आता सात घरांत दिवे जळतात आणि माणूस मी एक.

काल तिन्हीसांजेला मीही निघाले. पिशवी घेऊन एक पाय होडीत टाकला, तशी चक्कीची पाती थांबली. सातही घरं एकदम काळी झाली. इतकी शांतता मी या बेटावर कधी ऐकली नव्हती. पाय मागे घेतला आणि सगळे दिवे लागले. शेषगिरी आज शेवटचा आला आहे. हे पत्र घेऊन जाईल, पुन्हा येणार नाही म्हणतो.

तुझे आतोबा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी राहावं म्हणून कुणी एवढं अडून बसलं नव्हतं. मी राहते आहे, आणि आता भीती वाटत नाही.

लोभ दुरूनच असू दे. मला न्यायला येऊ नकोस.

कमलाक्षी