रोज गुजरणारी बाई

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार
बेबीनंदा जाऊन चार महिने झाले. बायको गेली की माणूस खचतो म्हणतात, पण मी एकदम ठीक आहे. ऑफिसातला कडूबा उगाच म्हणतो की साहेब, तुम्ही घरी एकटेच बोलता, शेजारी ऐकतात. एकटा नाही, मी रेडिओशी बोलतो. रेडिओ बंद असतो हे खरं, पण ते सेल वाचवण्यासाठी.
संकल्प: ऑफिस सुटलं की सरळ घरी जायचं नाही. स्टेशन रोडवर महेमूदभाईच्या कॉफीच्या दुकानात बसायचं. माणसांत मिसळायचं. बदनापुरात कॉफी पिणारे बोटांवर मोजण्याइतके, तरी हा गृहस्थ हैदराबादची नोकरी सोडून इथं कॉफी विकायला बसला आहे. बाहेर पाटी: चहा मागून शरमिंदा करू नये.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
गेलो. दुकानात एकासारखी दुसरी खुर्ची नाही, सगळ्या भंगारातल्या. मला न्हाव्याची मिळाली. टेकलो की मान मागं जाते. कॉफी शर्टावर.
खिडकीशी एक वेताची खुर्ची रिकामी होती. पुढं कप, जवळजवळ संपलेला. तिकडं बसायला उठलो तर महेमूदभाई आडवा आला. म्हणाला, ती बाईची खुर्ची हाय, बाई अभीच गुजरली.
मला उर्दू बराबर कळते. वडील निजामाच्या शाळेत शिकलेले, ते रक्तातच आहे. गुजरणं म्हणजे मरणं. दुखवटा म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. तो विचारायला लागला की साहेब, कंबर धरली का?
घरी आल्यावर लक्षात आलं. कपातून वाफ निघत होती.

५ नोव्हेंबर
मी भूतबित मानत नाही. निव्वळ माहिती म्हणून विचारलं, बाई कधी गुजरल्या? महेमूदभाई टेबल पुसता पुसता म्हणाला, रोजच गुजरती, पाचला येती, सहाच्या आत गुजरती.
रोज!
कॉफी अर्धी टाकून निघालो. घाबरून नाही. लाइट जाईल असं वाटत होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
महेमूदभाई आत असताना त्या कपाचं जवळून निरीक्षण केलं. जायफळाचा वास. तळाशी साखर तशीच. बेबीनंदा कॉफी कधी ढवळायची नाही.
योगायोग. जायफळ कोणीही घालतं. तरी विचारलं की माझ्या कॉफीत जायफळ का नाही? म्हणाला, ते सिर्फ बाईला लागतं.
रात्रभर छातीत धडधड. कॉफीनं होते म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार
गोजरअक्का तीर्थपुरीहून आली. बहिणीला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पोहे खाताना सगळं सांगितलं.
अक्का म्हणाली, भुजंगा, तिचा जीव अडकून राह्यला रे. मोकळं करावं लागंल तिला. घनसावंगीला एक जाणता हाय, त्याच्याकडं जाऊ. मंग ती दिसायची न्हाई कवाच.
मी साफ नकार दिला. अंधश्रद्धेला माझा तत्त्वतः विरोध आहे. अक्का म्हणाली, मंग रडून का राह्यला? म्हटलं, कांद्यामुळं. कांदा अक्कानं सकाळीच चिरला होता, पण त्याचा परिणाम राहतो.

११ नोव्हेंबर
निर्णय पक्का. पाचच्या आत जाऊन समोरासमोर बसायचं. सत्य बाहेर काढायचं. गावावर उपकार होतील.
गेलो नाही. शर्टाला इस्त्री नव्हती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
इस्त्री केली. दाढी केली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिला आवडायचा तो निळा शर्ट. दुसरे धुवायला होते म्हणून.
दुकानाच्या दारापर्यंत गेलो. तिथून स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो. एक पॅसेंजर आली, गेली. कडूबा म्हणाला असता, साहेब घाबरले. प्रश्न तो नव्हता. आली तर पहिलं काय बोलायचं, हे ठरलं नव्हतं. गॅसचं कार्ड कुठं ठेवलं ते विचारायचं आहे. पण एवढ्या दिवसांनी भेटल्यावर आधी गॅसचं विचारणं बरं दिसत नाही.

१३ नोव्हेंबर
ठरलं. आधी विचारायचं, बरी आहेस ना. मग गॅस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाचच्या आत जाऊन बसलो. न्हाव्याच्या खुर्चीत, ताठ.
आली. काठी टेकत, सत्तरीची, जाड चष्म्याची. जन्नतबी. महेमूदभाईची फुफी, म्हणजे आत्या. मागच्या गल्लीत राहते. डॉक्टरनं तिची साखर बंद केली आहे, पण भाचा प्रेमानं घालतोच, म्हणून ती न ढवळता वरवरची पिते. जायफळ झोपेसाठी. प्यायली. माझ्याकडं बघून म्हणाली, किसकी राह देखरे बाबा? मी म्हणालो, कोणाची नाही. मग काठी घेऊन उठली आणि गेली.
महेमूदभाई कप उचलत म्हणाला, गुजरली.
गुजरली म्हणजे इथून निघून गेली. एवढाच अर्थ.
तर भूत नाही. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. मी जिंकलो. महेमूदभाईनं विचारलं की साहेब, तुम्हाला पण जायफळवाली करू का? हो म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, गॅसचं कार्ड कुठं ठेवलंस? तो बिचारा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.
बेबीनंदा तिथं नव्हती. कधीच येत नव्हती. ती कुठंच नाही. फार वाईट वाटतंय, आणि याला काही कारण सुचत नाही.
घरी आलो. दाराला बाहेरून मीच लावलेलं कुलूप. तरी कडी वाजवली. थोडा वेळ थांबलो. मग खिशातून किल्ली काढली.