पिळण्याचा अभ्यास

४ जून
आजपासून फक्त स्क्वीझ. ब्रिजमधली साधी खेळी बंद. स्क्वीझ म्हणजे पिळणं: आपल्या लांब रंगाची पानं एकामागून एक खेळत राहायची. समोरच्याला काय ठेवावं, काय टाकावं सुचत नाही, आणि तो जे टाकेल त्याने आपलाच फायदा. जाड पुस्तक आणलंय.
मेहुण्याला (बायकोचा धाकटा भाऊ, माझा पार्टनर, चष्म्याचं दुकान) फोन केला. क्लबच्या टीममध्ये आपली जोडी नक्की, असं सांगितलं. म्हणाला, "भावजी, आधी हुकूम मोजत जा."
दूरदृष्टी नाही. चष्मे विकून येत नसावी.

९ जून
क्लब. चार इस्पिक बोललो. लागणारे दहा हात समोर दिसत होते. घेतले नाहीत, कारण स्क्वीझ करून अकरावा मिळणार होता. झाले नऊ.
मेहुणा बराच वेळ छताकडे बघत होता. विचारात पडला असावा.

१० जून
तिसरं प्रकरण वाचलं. कळलं नाही. लेखकाला नीट समजावता येत नाही.

१६ जून
बायको इस्त्री करत होती, तिला डबल स्क्वीझ (समोरच्या दोघांना एकदम) समजावला. शेवटच्या शर्टापर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही पिळता छान. पत्त्यांत तेवढं जमत नाही."
पहिलं वाक्य उत्साहवर्धक.

२३ जून
निवड स्पर्धा, पहिली फेरी. सहा चौकट. सरळ खेळलो असतो तर जमत होतं, असं नंतर सगळ्यांचं मत पडलं. मी स्क्वीझ लावला. समोरच्या वकीलबाईंनी डोळे मिटून एक पान टाकलं, नेमकं नको ते. पुस्तक न वाचलेल्यांशी खेळण्यात अर्थ नाही.
दोन हात कमी पडले. मेहुणा घरी सोडतो म्हणाला होता. विसरून एकटाच गेला.

२४ जून
मेहुण्याचा फोन. "भावजी, पुढची फेरी मी ताईबरोबर खेळतो. उगाच नात्यात नको."
ताई म्हणजे माझी बायको. माझ्याबरोबर खेळायचं दडपण येत असणार बिचाऱ्याला. मोठ्या मनाने परवानगी दिली. तिने आणि त्याने नावं आधीच दिली होती.

३० जून
क्लबच्या सेक्रेटरींनी नाइलाजाने माझा पार्टनर व्हायचं कबूल केलं. शेवटच्या डावाला टेबलावर मेहुणा आणि बायको. बायकोची पानं नियमाप्रमाणे उघडी, मेहुणा दोघांची खेळतोय. बदाम, बदाम, परत बदाम. माझ्या हातात तीन पानं उरली: इस्पिकचे राजा-राणी, चौकटचा राजा. त्याने शेवटचा बदाम टाकला.
इस्पिक सोडलं तर बायकोच्या एक्क्यानंतर तिचा गुलाम मोठा. चौकट सोडली तर तिची राणी. पुस्तकात हे चित्र पानभर आहे. खुर्ची तेवढी चुकली.
बायको हळूच म्हणाली, "टाका हो काहीतरी."
चौकटचा राजा टाकला. गेलं सगळं.
मेहुण्याला विचारलं, हे कुठे शिकलास?
"शिकतोय कुठला! काही सुचेना, म्हणून बदाम संपवत बसलो."

७ जुलै
टीमची यादी लागली. मेहुणा आणि बायको आहेत. सेक्रेटरींची कंबर दुखते, ते आता खेळणार नाहीत. बाकी सगळ्यांना पार्टनर आहेत. मी विचारलं सगळ्यांना.
ब्रिज सोडला. बुद्धिबळ शिकायचं ठरवलंय. त्याला पार्टनर लागत नाही, असं बायकोला सांगितलं.
ती सरावाला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, "समोर बसायला कुणीतरी लागतंच की."