गॅलरीतल्या तीन केळी

९ जून

दुसरीचंही पान कडेने जळलं. तपकिरी किनार, काल नव्हती. पहिली तर गेल्यातच जमा. तीन कुंड्या, तीन केळी, आणि ह्या घरात कोणी थांबून बघत नाही.

बुद्धपौर्णिमेला गावी, लांज्याकडे, गेलो तेव्हा परसातल्या केळीच्या बुडाशी फुटलेले तीन मुनवे मी स्वतः खणून आणले. राकेश म्हणाला होता, "बाबा, हे जगवून दाखवा. मग दिवाळीला गावचं घर उघडू, तुम्ही नि आई रहा तिकडे." हसत म्हणाला. पण म्हणाला. विहिरीपाशी एकदा चक्कर येऊन पडलो, म्हणून मुलाने रत्नागिरीत आणून तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय. माणूस एकदा पडला की ह्यांच्या लेखी कायमचा पडलेलाच.

१२ जून

राख घातली. फरक नाही.

१३ जून

सुनेला विचारलं, कपड्याच्या मशीनचं पाणी ओततेस काय कुंडीत? स्वप्ना म्हणाली, "बाबा, केळी जगल्या तर तुम्ही गावी जाणार. मी तर रोज त्यांना हात जोडते." आत सुंदरा फिस्सकन हसली. माझी बायको! दोघी एक झाल्यात. जेवलो नाही. चारला भूक लागली, लाडू खाल्ला. कोणी बघितलं नाही.

१७ जून

पाणी कमी पडतंय असं वाटून दुप्पट घातलं. मातीचा चिखल झाला. मग मुळं कुजतील ह्या भीतीने दोन दिवस थेंब दिला नाही. पान आणखी वाळलं. वाऱ्याने पानं फाटतात म्हणून मीच कुंड्या भिंतीलगत, पत्र्याखाली ओढल्या होत्या. तेही चुकलं काय? कोणाला विचारायचं?

२२ जून, रविवार

राकेश पोफळीहून आला. वीजघरात नोकरी, सवड मिळेल तेव्हा येतो. गॅलरीत जाऊन केळी बघितल्या. बोलला काही नाही, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन शब्द बोलला असता तर चाललं असतं. तो हात नको होता.

२८ जून

पहिली मेली. उपटून बघितली. मुळं कुजलेली नाहीत, टोकं करपलेली. सुंदरा म्हणाली, "जाऊ दे, रोपच ते." मी ओरडलो तिच्यावर. शेजारच्यांनी दार लावून घेतलं.

३ जुलै

दुसरीचं पान पिशवीत घालून रोपवाटिकेत गेलो. तिथला अभय, चाळिशीचा असेल, पान उजेडात धरून म्हणाला, "आजोबा, खार लागलाय. पाणी कसलं घालता?" म्हटलं, नळाचं, आणि मासे धुतलेलं. पिढ्यान्‌पिढ्या केळीला तेच घालतो आम्ही.

"सध्या मासेमारी बंद. मासे कुठले?"

महिनाभर घरात खारे बांगडेच शिजतायत. ते भिजवलेलं पाणी जातंय कुंडीत. गावच्या जमिनीत खार पावसाने वाहून जातो. कुंडीत, त्यात पत्र्याखाली, सगळा तिथेच साठतो.

"मीठ पाजलंत की झाडांना," म्हणाला, आणि हसला.

मेमध्ये मीच सुंदराला बजावलं होतं — मासळीच्या पाण्याचा थेंब मोरीत जाता कामा नये. ताज्या मासळीचं पाणी तेव्हा. चौथीपर्यंत शिकलो, एवढं कळू नये?

४ जुलै

काल रात्रभर धुमसत होतो, सकाळी सुंदरावर तुटून पडलो. तुझं माहेर खाडीकाठचं. खाऱ्या पाण्याने भातं मेलेली बघितलीस तू. तुला कळलं नाही?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कळत होतं."

मग घातलंस कशाला?

"तुमीच सांगितलंत."

मग सूप खाली ठेवलं. "मला नाय जायचंय तिकडे. चाळीस वर्षं खालच्या विहिरीवरनं पाणी मी चढवलं. तुमी परत केळी लावणार, आणि हंडा परत माझ्याच डोक्यावर. हितं नळ आहे. जायचं, जायचं करता — मला इचारलंत कधी?"

स्वप्नाने टीव्ही बंद केला.

५ जुलै

बोललो नाही.

६ जुलै

बोललो नाही. चहा समोर आला, तो प्यालो. राग आहेच. पण कोणावर आहे ते आज नीट लिहिता येत नाही.

१० जुलै

दुसरीही गेली. तिसरीच्या कुंडीत बादल्यांवर बादल्या ओतल्या, खालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत. मग पत्र्याबाहेर, पावसात ठेवली. बादल्या मी भरल्या. तिसऱ्या बादलीला कंबर धरली, आणि हे पाणी तर नळाचं, दहा पावलांवरचं.

२६ जुलै

तिसरीला नव्या पानाची सुरळी आली आहे. कड हिरवी.

३ ऑगस्ट, रविवार

राकेश आला. पान उलगडलेलं बघून म्हणाला, "एक जगली म्हणजे जगलीच, बाबा. घर कधी झाडून घेऊ?"

म्हटलं, नको. गुडघा धरतो, विहिरीची ती चढण आता मला जमायची नाही.

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

गुडघ्याला काही झालेलं नाही.