लाल रेघेवर हरकत

६ नोव्हें.
ग्रा.पं.च्या फलकावर नोटीस लागली. आपल्या नदीची पूररेषा नव्याने आखली. निळी रेघ नदीच्या अंगाची, लाल रेघ वरची. लाल रेघेच्या आत नवीन घर बांधायचं नाही. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी, पुराव्यासह.

दुपारी दोन माणसं आली आणि भिंतींवर लाल पट्टे मारून गेली. पाणी इथवर चढेल म्हणे. आपल्या गिरणीच्या भिंतीवर पट्टा माझ्या छातीशी. गिरणी टेकाडावर! लग्न होऊन एकोणतीस वर्षं झाली, पुराचं पाणी खालच्या पिंपळाच्या वर आलेलं मी पाहिलं नाही.

रेखाने पट्ट्याला बोट लावलं. रंग ओला होता. यांची धाकटी बहीण ती, सासर सोडून आली तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत. तिचं घरकुल यंदा कुठे मंजूर झालं. जागा गिरणीच्या मागे, म्हणजे रेघेच्या आत. बोट पदराला पुसलं आणि आत गेली.

७ नोव्हें.
सरपंच वनिताबाईंसोबत आर्णीच्या पाटबंधारे ऑफिसात, नकाशा पाहायला. तरुण अभियंता होता, नीट बोलला. "ताई, आमच्याकडं पाणी येत नाही, एवढं लिहून भागत नाही. मोजमाप द्या. गट नंबर, जमिनीची उंची, जुन्या पुराच्या खुणा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. आमची रेघ चुकली असेल तर ती बदलते. पण कागदानं बदलते." सगळं लिहून आणलं.

एसटीत वनिताबाई म्हणाल्या, "शोभाताई, तुमीच मांगं लागा. सही-शिक्क्याले मी हाय." बरं म्हटलं. दहावी झालेली, गिरणीवर बसून पेपर वाचणारी, म्हणून माझ्यावर.

नकाशात आपलं टेकाड लाल रेघेच्या आत, पाण्याखाली दाखवलं आहे. बाजूची वावरं कोरडी. नुसतं आपलं गाव पाण्यात.

१० नोव्हें.
ग्रामसभा झाली, ठराव झाला. म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचं काम मी धरलं. 'वरच्या वस्तीत पाणी आल्याचे स्मरणात नाही' एवढं एक वाक्य आणि अंगठा. चार झाले.

एक गोष्ट. पट्टा मारल्यापासून बाया दळणाचा डबा खाली ठेवत नाहीत. पोत्यांच्या थप्पीवर ठेवतात, पट्ट्याच्या वर. सांगितलं कोणी नाही. मीही माझी चप्पल आज खिडकीत ठेवली, नंतर लक्षात आलं.

१३ नोव्हें.
गिरजामायकडे गेले. गावात सगळ्यांत म्हातारी. एकटी राहते, आमच्याहूनही वर. तिचा अंगठा म्हणजे पक्का पुरावा.

तिच्या घरात जमिनीवर काही नाही, हे ठाऊक होतं. आज नीट पाहिलं. धान्य, भांडी, गोधड्या, देव, सगळं आढ्याला दोरीने टांगलेलं. चूल तेवढी खाली. म्हातारीची सवय म्हणून आम्ही हसायचो.

कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी अंगठा नाई देत."
"काहून वं माय?"
"पाणी आलतं."
"तू पाह्यलं?"
"माह्या मायनं पाह्यलं. इथं वर सात घरं होती. ते आता नाईत." मग बोटं दुमडत नावं सांगत बसली. एकही ओळखीचं नाही. तिचं एक सोडलं तर आमच्या वर कधी घरं नव्हतीच, गिरणीमागे नुसतं पडीक आहे.

यांना सांगितलं. म्हणाले, "बुढीचं डोकं फिरलं. तिले सोड."
घरकुलाच्या यंदाच्या यादीतही सातच नावं आहेत, जागा सगळ्यांच्या गिरणीमागेच. योगायोगच.

१७ नोव्हें.
ग्रा.पं.ने बोलावलेले मोजणीवाले काका यवतमाळहून आले, तीन पायांचं यंत्र घेऊन. दिवसभर मी पट्टी धरून उभी. आणि सापडलं. पुलाच्या कठड्यात उंचीचा सरकारी दगड आहे, त्याच्यावरून आपल्या गावाची सगळी मोजणी होते. रस्ता रुंद केला तेव्हा पूल नवा बांधला, दगड काढून पुन्हा बसवला. पण वर बसवला, चांगला पुरुषभर. कागदावर त्याची उंची जुनीच.

काका चहा पिताना म्हणाले, "दगड वर गेला आणि कागदावर तुमचं गाव खाली गेलं. नीट मोजलं तर लाल रेघ पिंपळापाशी थांबते."

रेखाला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा हसली. संध्याकाळी जागेवर जाऊन चार खुंट्या ठोकून आली, दोरी लावून. स्वयंपाकघर पूर्वेला म्हणे.

१९ नोव्हें.
हे लिहावं की नाही.

माझीच कल्पना होती. अभियंता म्हणाला होता, पूर आला असेल तर जमिनीत गाळाचा थर राहतो. म्हटलं, आपल्याकडे नुसता मुरूम, खड्डा खणून फोटो जोडू, आणखी भक्कम होईल. रेखाच्या खुंट्यांच्या पलीकडे, पडीक जागेत, यांनी खणायला घेतलं. कमरेएवढ्या खोलीपर्यंत मुरूमच. मग कुदळ मऊ लागली. काळा, बारीक गाळ, वीतभर जाड. त्यात शिंपले. नदीतले, पांढरे, बंद तोंडाचे. एक उघडला तर आत ओली माती.

त्याच्याखाली तीन दगड. चुलीचे. आतल्या बाजूने काळे. राख अजून होती.

यांनी कुदळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "फोटो काढू नको."
मी काढला.

२० नोव्हें.
गिरजामायला सांगितलं नव्हतं. सकाळी तिच्या दारावरून गेले तर म्हणे, "कोणाची चूल निंगाली?"
कोणी सांगितलं विचारलं. मघापासून सांगत असल्यासारखी सात नावं पुन्हा सुरू केली. या वेळी मी लिहून घेतली. घरी यांना वाचून दाखवली तर चौथं नाव यांच्या पणजोबांच्या भावाचं निघालं. हे म्हणाले, "तो गाव सोडून गेला असं सांगत. कुठं गेला कोणाले माईत नाई."

२४ नोव्हें.
हरकत दिली. ठराव, चार जबाब, काकांचा तक्ता, पुलाच्या दगडाचे फोटो. पोच घेतली. अभियंत्याने तक्ता वाचला, पुन्हा वाचला. "हे तुम्ही चांगलं पकडलं," म्हणाला. म्हणजे काम झाल्यात जमा. गावात पेढे वाटले.
खड्ड्याचं लिहिलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून.

२९ नोव्हें.
खड्डा बुजवायला गेलो दोघं, भर दुपारी. काठावर उभं राहिलं की आवाज येतो. पाणी वाहतं तसा, पण खूप दुरून. नदीला आज घोट्याएवढं पाणी, इथून अर्धा कोस.
मी म्हटलं, "ऐकू येते काय?"
"मोटर हाय कोणाची."
लाइट सकाळपासून नव्हती. त्यांनाही ठाऊक होतं. फावडं घेऊन परत आलो. न बुजवता.

३ डिसें.
गिरजामाय गिरणीवर आली. दळण नव्हतं. भिंतीला हात टेकून उभी राहिली, पट्ट्याच्या बरोबर वर. म्हणाली, "माय माही आढ्यावर बसली होती, मले पोटात घिऊन. खालून लोकं आवाज देत होते. मंग नाई दिले." आणि गेली.

म्हणजे तेव्हा ती पोटात होती. तिच्यानंतर हे सांगणारं कोणी नाही.

हरकत खोटी नाही. दगड खरंच सरकलाय. पण खड्डाही खरा आहे. रेघ खाली गेली की सात घरं तिथेच उभी राहणार. पहिलं रेखाचं.

५ डिसें.
उद्या मुदत संपते आणि उद्या शनिवार, ऑफिस बंद. पहिल्या गाडीने आर्णीला गेले, एकटी. जोडपत्र दिलं. गाळ, शिंपले, चूल, फोटो, गिरजामायचा जबाब. अंगठा तिने न विचारता दिला. शेवटी लिहिलं, 'दगडाची चूक दुरुस्त करावी. खड्डाही पाहावा. मग रेघ ठरवावी.'

अभियंता म्हणाला, "ताई, हे तुमच्याच विरोधात जातं, कळतं ना?"
"कळते."
शिक्का मारला. घरी येऊन यांना सांगितलं. जेवले नाहीत.

८ डिसें.
वनिताबाई दारात आल्या, आत नाही. "साऱ्या गावाचं होत आलतं, शोभाताई. तुमाले कोणं सांगतलं होतं?" मी शिंपला दाखवायला गेले तर मागे सरकल्या.
गिरणीवर आज दोनच दळणं. काल एकही नाही. रेखा तोंड चुकवते. खुंट्या मात्र काढल्या नाहीत.

१३ डिसें., शनि.
अभियंत्याचा फोन. सोमवारी पाहणीला येतात, यंत्र घेऊन. "पूल पाहू, खड्डा पाहू. दोन्ही मिळून काय निघेल ते आज मीही सांगू शकत नाही."

दुपारी रेखा ज्वारी घेऊन आली. घरातलंच दळण, पण स्वतः आणलं. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली.
"वयनी, तो कागद वापस घेता येते काय?"
"येते. सोमवारी, पाहणीच्या आंधी."
"पाणी येईन?"
"मले नाई माईत."
"माह्या जल्मात येईन काय, ते इचारून राह्यली मी."
मी मोटरचा पट्टा चढवला, गिरणी सुरू केली. पीठ पडेपर्यंत ती उभी राहिली. बारा वर्षं दुसऱ्याच्या खोलीत काढली तिने, मी एका अर्जाने आणखी किती लावली कोण जाणे.

गिरणी बंद केल्यावर म्हणाली, "उद्या सांगीन तुले, वापस घ्याचा का नाई ते. मी सांगीन तसं करशीन?"
मी हो म्हटलं.
गरम पिठाचा डबा कडेवर घेतला आणि निघाली. घराकडे नाही. पडीक जागेकडे, खड्ड्याच्या वाटेने.